डेंगफेंगच्या वूशू शाळेत तीन महिने : निघण्यापूर्वीची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका २६ वर्षांच्या तरुणीने सहा वर्षे कराटेचा सराव केला आहे. नोकरीतून तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन ती चीनच्या हेनान प्रांतातील डेंगफेंग येथे, शाओलिन परंपरेच्या एका शाळेत राहून शिकणार आहे. ती शाकाहारी आहे, अंडी खाते, तिला चिनी भाषा येत नाही, आणि निघायला अजून चार महिने आहेत. या चार महिन्यांत काय करावे, सोबत काय न्यावे आणि तिथे गेल्यावर कशाची अपेक्षा ठेवावी, असे तिने विचारले आहे.

गेली बावीस वर्षे मी वूशू, म्हणजे चिनी युद्धकला, शिकतो आणि शिकवतो. डेंगफेंग, वूदांग पर्वत आणि चेनजियागोऊ या तिन्ही ठिकाणी मिळून सुमारे चौदा महिने मी शाळांच्या वसतिगृहांत काढले आहेत. माझ्याकडून तिकडे गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण मुक्काम अर्ध्यावर सोडून परतले. त्यांतल्या एकालाही कौशल्य कमी पडले नव्हते. कोणाचा गुडघा सुजला, कोणाच्या मांडीच्या मागची शीर दुखावली, कोणाचे पोट बिघडले, आणि हे सगळे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घडले. म्हणून माझ्या मते तयारी एकाच गोष्टीची करायची असते : आज सहा तास राबलेले शरीर उद्या पहाटे पुन्हा रांगेत उभे राहिले पाहिजे. कराटेतील तुमचा पट्टा कोणत्या रंगाचा आहे, याला तिथे पहिल्या महिन्यात फारसे महत्त्व नाही.

आधी तुम्ही जात आहात ते ठिकाण नीट समजून घ्या. शाओलिन विहाराची स्थापना इ. स. ४९५ मध्ये उत्तर वेई घराण्याच्या श्याओवेन सम्राटाने केली. ती बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी केली होती, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. विहार सोंगशान पर्वताच्या कुशीत आहे. शाळा मात्र बहुतांशी डेंगफेंग शहरात आणि त्याच्या आसपास आहेत, कारण विहाराला लागून असलेल्या दरीतील शाळा या शतकाच्या सुरुवातीला तिथून हलवण्यात आल्या. त्यामुळे एखादी शाळा ‘विहाराच्या आत प्रशिक्षण’ असे म्हणत असेल, तर रोजचा सराव नेमका कुठे होतो आणि झोपण्याची खोली कुठे आहे, हे लेखी विचारून घ्या. या शाळांपैकी काही अवाढव्य आहेत. तिथे हजारो चिनी मुले शालेय शिक्षणासोबत वूशू शिकतात आणि परदेशी प्रौढांसाठी एक छोटा स्वतंत्र विभाग असतो. काही शाळा मात्र एकाच गुरूच्या घरगुती वळणाच्या असतात. दोन्ही चांगल्या असू शकतात, पण मोठ्या शाळेत शिस्त आणि गर्दी मिळते, लहान शाळेत लक्ष मिळते. पहिल्याच मुक्कामासाठी मी तुम्हाला लहान शाळा सुचवेन. एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात, हा एकच प्रश्न विचारला तरी बरेच काही कळते.

प्रशिक्षकाच्या नावात ‘शी’ आणि त्यापुढे पिढी दाखवणारे अक्षर असते. ‘यान’ म्हणजे चौतिसावी पिढी, ‘हंग’ म्हणजे पस्तिसावी. हे नाव परंपरेशी नाते दाखवते, पण तेवढ्याने उत्तम शिक्षक असल्याची खात्री होत नाही. त्यापेक्षा शाळेत आधी राहून आलेल्या दोन-तीन जणांशी बोला आणि त्यांना फक्त एवढे विचारा की दुखापत झाली तेव्हा शाळेने काय केले. शुल्काच्या बाबतीत पूर्ण तीन महिन्यांची रक्कम आगाऊ भरू नका. पहिला महिना भरावा, तिथे पोचून पंधरा दिवस पाहावे आणि मग पुढचे ठरवावे, असे बहुतेक चांगल्या शाळा मान्य करतात.

आता मुख्य विषय, म्हणजे शरीराची तयारी. तिथला दिवस साधारण असा जातो : पहाटे साडेपाच-सहाला उठणे, धावणे, न्याहारी, सकाळी अडीच ते तीन तास सराव, जेवण आणि दुपारची झोप, पुन्हा अडीच ते तीन तास सराव, आणि काही ठिकाणी संध्याकाळी एखादा तास. आठवड्यातून पाच किंवा साडेपाच दिवस. सुरुवातीचा बराच काळ ‘जी-बन-गोंग’ म्हणजे मूलभूत कसरतींवर जातो. त्यात पाच पवित्रे येतात : मा-बू, गोंग-बू, पू-बू, शिये-बू आणि श्यू-बू. या पाचांची गुंफण असलेला ‘वू-बू-छ्वान’ हा छोटा संच बहुधा पहिल्याच आठवड्यात शिकवला जातो, आणि मग ‘श्याओ-होंग-छ्वान’सारखे पारंपरिक संच येतात. पवित्र्यांच्या जोडीला सरळ पायाच्या उंच लाथा असतात. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे, आणि प्रशिक्षक म्हणतो ‘त्साय लाय’, म्हणजे ‘पुन्हा’. हा शब्द तुम्ही दिवसातून जितक्या वेळा ऐकाल तितका दुसरा कोणताही ऐकणार नाही.

कराटेच्या विद्यार्थ्यांची इथे एक ठरावीक अडचण होते. कराटेतील समोरची लाथ गुडघा आधी दुमडून, मग झटक्याने उलगडून मारली जाते. शाओलिनमधील ‘जंग-थी-थुई’ या लाथेत वर जाणारा पाय पूर्ण सरळ असतो, पंजा कपाळाकडे ओढलेला असतो, खालच्या पायाचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली असते. यातला सगळा ताण मांडीच्या मागच्या स्नायूंवर आणि बसण्याच्या हाडाजवळ त्यांना जोडणाऱ्या कंडरेवर येतो. कराटेत सहा वर्षे काढलेल्या शरीरात जोर भरपूर असतो आणि या विशिष्ट दिशेने लांबी कमी असते. हीच जोडी धोक्याची आहे, कारण जोर असल्यामुळे पाय वर जातो आणि लांबी नसल्यामुळे कंडरा फाटते.

हे मी स्वतः भोगले आहे. माझ्या पहिल्या मुक्कामाच्या अकराव्या दिवशी, सकाळच्या सत्राच्या शेवटी, भिंतीला पाठ टेकवून उभे राहायचे आणि जोडीदाराने आपला एक पाय वर ढकलत न्यायचा, असा ताण चालू होता. जोडीदार उत्साही होता, मीही ‘पुरे’ म्हणायला लाजलो, आणि जुने धोतर फाडावे तसा एक बारीक आवाज मला आतून ऐकू आला. दुखले नंतर, आधी फक्त पायातला आधार गेला. त्यानंतरचे सहा आठवडे मी मैदानाच्या कडेला एका ठोकळ्यावर बसून इतरांचा सराव पाहिला आणि परतलो. आजही थंडीत ती जागा जाणवते. तेव्हा ‘थंग’ म्हणजे ‘दुखते आहे’ आणि ‘गोउ-ल’ म्हणजे ‘पुरे’, हे दोन शब्द विमानात बसण्यापूर्वी पाठ करा आणि ते म्हणताना लाजू नका.

चार महिन्यांपैकी पहिला महिना पायाभरणीत घालवा. आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटे सावकाश धावणे, बैठका, आणि पोट-कमरेचे व्यायाम एवढे पुरेसे आहे. रोज दोन वेळा कंबरेइतक्या उंचीच्या कठड्यावर एक टाच ठेवून, दोन्ही गुडघे सरळ ठेवून, पंजा स्वतःकडे ओढून एक-एक मिनिट थांबा. पुढे वाकताना पाठीचा कणा गोल करू नका, कमरेतून वाका. हा ताण नेहमी अंग गरम झाल्यावर घ्या. सूर्यनमस्कार तुम्ही करत असाल तर बारा-पंधरा नमस्कारांनंतरची वेळ उत्तम. मा-बू हा पवित्रा तीस सेकंदांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडा वाढवत दोन मिनिटांपर्यंत न्या. पावले समांतर, अंतर आपल्याच पावलाच्या सुमारे तिप्पट, पाठ ताठ आणि गुडघे पंजांच्या दिशेत असावेत. गुडघे आत झुकू लागले की पवित्रा संपला असे समजा, घड्याळात कितीही सेकंद उरलेले असोत. मांड्या जमिनीला समांतर आणण्याची घाई नको, कारण ती खोली तिथे गेल्यावर आपोआप येते.

दुसऱ्या महिन्यात चढ-उताराचा सराव धरा. तुम्ही नाशिकच्या आहात, तेव्हा पांडवलेण्यांच्या पायऱ्या तुमच्या हाताशी आहेत. आठवड्यातून दोन दिवस त्या चढा, आणि उतरण्याकडे जास्त लक्ष द्या. लोक चढण्याला व्यायाम समजतात आणि उतरणे विश्रांती म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात मांड्या धरतात त्या उतरण्याने. सोंगशानवर विहाराच्या मागच्या बाजूला दामो गुहा, म्हणजे भारतातून चीनला गेलेल्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूची गुहा, आहे. तिथपर्यंत पायऱ्या चढून जायचे आणि उतरताना हात खालच्या पायरीवर टेकून, डोके खाली ठेवून, चारही अंगांनी यायचे, हा डेंगफेंगच्या शाळांचा जुना व्यायाम आहे. तो करताना मनगटे आणि खांदे आधी थकतात. म्हणून जोर काढण्याचा सराव सोडू नका. आपल्या तालमीतले जोर, ज्यात शरीर खालून वर सापासारखे जाते, ते साध्या पुश-अप्सपेक्षा या कामाला अधिक उपयोगी आहेत, कारण त्यात खांदा पूर्ण फिरतो.

तिसरा महिना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण हाच टाळतात. आठवड्यातून दोन दिवस, शक्यतो शनिवारी आणि रविवारी, सकाळी दीड तास आणि दुपारी चारनंतर पुन्हा दीड तास असा सराव करा. सकाळच्या सत्राने जड झालेले पाय घेऊन दुपारी पुन्हा उभे राहणे ही वेगळीच क्षमता आहे आणि ती एकवेळच्या सरावाने येत नाही, तो सराव कितीही कठोर असला तरी. याच महिन्यात सरळ पायाच्या लाथा सुरू करा : आधी कंबरेच्या उंचीपर्यंत, मग छातीपर्यंत, दर बाजूला वीस, आणि कधीही थंड अंगाने नाही. याच महिन्यात रात्री दहाला झोपून पहाटे साडेपाचला उठण्याची सवय लावा. चीनमध्ये सगळीकडे एकच वेळ चालते आणि ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तिथले साडेपाच हे तुमच्या शरीराला पहाटेचे तीन वाटतील. चौथ्या महिन्यात पहिले दोन आठवडे हेच चालू ठेवा, तिसऱ्यात निम्मे करा, आणि शेवटच्या आठवड्यात चालणे व हलका ताण याखेरीज काही करू नका.

निघण्यापूर्वी वैद्यकीय बाजूही आटोपून घ्या. दात तपासून घ्या, धनुर्वाताची लस अद्ययावत आहे का ते पाहा, आणि टायफॉइड व हिपॅटायटिस ए या लशींबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. गुडघ्याची किंवा कमरेची जुनी तक्रार असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेतल्याशिवाय निघू नका. नेहमीची औषधे मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडॉलसारख्या गोळ्या सोबत ठेवू नका, कारण अशा औषधांवर तिथे कडक नियंत्रण आहे. क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जलसंजीवनीची पाकिटे, पॅरासिटामॉल आणि बुरशीनाशक मलम एवढे पुरते. सरावापूर्वी वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात उतरणे मात्र कधीही करू नका. दुखणे हीच तुमच्याकडे असलेली एकमेव सूचना असते आणि गोळीने ती बंद होते. विम्याच्या बाबतीत पॉलिसीतील अपवादांचे पान स्वतः वाचा. पुष्कळ प्रवासविम्यांत लढतीच्या खेळांचे प्रशिक्षण वगळलेले असते, आणि एजंट ते आपणहून सांगेलच असे नाही.

कागदपत्रांत मुख्य प्रश्न व्हिसाचा. १८० दिवसांपर्यंतच्या शिक्षणासाठी चीनचा ‘एक्स-२’ हा व्हिसा असतो, त्याहून दीर्घ शिक्षणासाठी ‘एक्स-१’, आणि पर्यटनासाठी ‘एल’. एक्स-१ वर गेल्यास प्रवेशानंतर ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. तुमच्या तीन महिन्यांसाठी रीतसर मार्ग एक्स-२ चा आहे आणि त्यासाठी शाळेचे प्रवेशपत्र लागते. ते देण्याचा अधिकार प्रत्येक शाळेला असतोच असे नाही. म्हणून शाळा परदेशी विद्यार्थी ठेवण्यास पात्र आहे का आणि ती कोणत्या व्हिसासाठी पत्र देते, हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी विचारा. ‘पर्यटक म्हणून या, पुढचे आम्ही पाहून घेऊ’ असे उत्तर आले तर मी ती शाळा सोडून देईन. व्हिसावरील मुक्कामाची मुदत ओलांडल्यास दिवसाला ५०० युआन आणि जास्तीत जास्त १०,००० युआन दंड होऊ शकतो, आणि तो शाळेला नव्हे, तुम्हाला भरावा लागतो. पासपोर्टची मुदत परतीनंतरही काही महिने शिल्लक असू द्या.

हॉटेलखेरीज अन्यत्र राहणाऱ्या परदेशी व्यक्तीने पोचल्यापासून २४ तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे निवासाची नोंद करायची असते. शाळा हे काम करून देते. परंतु पहिल्याच दिवशी स्वतः आठवण करून द्या आणि नोंदीच्या कागदाची प्रत मागून घ्या. मुदतवाढ करायची वेळ आली तर हाच कागद आधी विचारला जातो. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी १२० हे क्रमांकही लिहून ठेवा.

ऑक्टोबर २०२५ पासून भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली आहे, त्यामुळे प्रवास पूर्वीइतका वळणाचा राहिलेला नाही. डेंगफेंगसाठी झेंगझोऊला उतरावे आणि तिथून रस्त्याने जावे. चीनच्या देशांतर्गत विमानांत, ज्या पॉवर बँकेवर चीनचे ‘३सी’ प्रमाणचिन्ह नाही ती २८ जून २०२५ पासून नेता येत नाही, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे घेतलेल्या पॉवर बँकेवर ते चिन्ह बहुधा नसते. वसंतोत्सव म्हणजे चिनी नववर्षाचे दिवस आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा. तेव्हा प्रशिक्षक गावी जातात आणि रेल्वेत जागा मिळत नाही. हवामानाच्या दृष्टीने मार्च ते मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर उत्तम. हेनानची थंडी कोरडी असते, जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली जातो आणि पहाटे मैदानावरच्या लोखंडी दांड्याला हात चिकटल्यासारखा वाटतो. मार्चमध्ये गेलात तरी पहिले तीन आठवडे गरम अंतर्वस्त्रे लागतील.

पैसे आणि फोन यांची सोय घरूनच करून निघा. तिथे रोजचे जवळजवळ सगळे व्यवहार अलीपे किंवा वीचॅटवरून होतात, भाजीवालीसुद्धा कोड पुढे करते. दोन्हींना व्हिसा किंवा मास्टरकार्डचे आंतरराष्ट्रीय कार्ड जोडता येते. आपले यूपीआय तिथे गृहीत धरू नका. ही जोडणी भारतातच करा, कारण बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो आणि तिथे सिम बदलल्यावर तो मिळत नाही. काही रोख युआनही ठेवा. गूगल, व्हॉट्सॲप, फेसबुक आणि यूट्यूब तिथल्या इंटरनेटवर बंद असतात. भारतीय क्रमांकाच्या रोमिंगवर ते बहुधा चालतात, पण तीन महिने रोमिंग परवडत नाही. तेव्हा घरच्यांना निघण्यापूर्वीच वीचॅट शिकवून ठेवा आणि आठवड्यातून दोन ठरावीक वेळी बोलायचे ठरवा. भाषांतराचे ॲप इंटरनेटशिवाय चालेल असे आधी उतरवून घ्या. आपल्या गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, चपट्या पिनांचा ॲडॅप्टर न्या.

जेवणाविषयी तुम्हाला काळजी वाटते, आणि ती रास्त आहे. हेनान हा गव्हाचा प्रांत आहे. सकाळी तांदळाची किंवा राळ्याची पातळ पेज आणि वाफवलेला मांतोउ, म्हणजे मैद्याचा पांढरा, बिनचवीचा पाव. दुपारी नूडल्स किंवा भात आणि त्यावर कोबी, बटाटा, वांगे, टोमॅटो-अंडे, तोफू अशा भाज्या. शाकाहारी माणसाला उपाशी राहावे लागत नाही, पण भाजीत मांसाचे बारीक तुकडे असणे किंवा ती डुकराच्या चरबीत परतलेली असणे शक्य असते. ‘वो छ सू’ म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, हे बोलायला शिका, आणि ‘मांस, मासे, मांसाचा रस्सा व प्राण्यांची चरबी चालत नाही, अंडी चालतात’ असे चिनी लिपीत लिहिलेले एक कार्ड छापून न्या. ते पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याच्या हातात द्या. कार्यालयात दिलेला निरोप कढईपर्यंत पोचत नाही, हा माझा अनुभव आहे. प्रथिनांसाठी उकडलेली अंडी, तोफू, शेंगदाणे आणि सोयाबीनचे गरम दूध यांवर भर द्या आणि दुकानातून रोज काहीतरी वेगळे घेण्याची तरतूद खर्चात धरा. घरून मेतकूट आणि बंद पाकिटातील कोरडी चटणी नेली तर त्या पेजेला चव येते. तूप, पेढे, ताजी फळे, बियाणे मात्र सामानात नकोत, कारण दुधाचे पदार्थ आणि ताजी फळे-भाज्या आणण्यास चिनी सीमाशुल्क विभागाची मनाई आहे. पाणी उकळलेलेच प्यावे. वसतिगृहात गरम पाण्याचे यंत्र असते आणि प्रत्येकाजवळ थर्मास असतो, तोही तिथे घ्या.

सामान थोडे असावे. सरावाचे सैल सुती कपडे तीन जोड, एक गरम जाकीट, पायमोजे भरपूर. बूट तिथेच घ्यावेत. पातळ रबरी तळाचे कापडी ‘फेयुए’ बूट स्वस्त असतात आणि रोजच्या सरावात काही आठवड्यांत झिजतात. ज्यांचे पाऊल मोठे आहे त्यांनाच मापाची अडचण येते. धावण्यासाठी मात्र आपले नेहमीचे, वापरून सैल झालेले बूट न्या. काठी, तलवार वगैरे शस्त्रे शाळेत मिळतात. सॅनिटरी पॅड सगळीकडे मिळतात, टॅम्पॉन किंवा कप वापरत असाल तर घरूनच न्या. स्वच्छतागृहात कागद स्वतःचा लागतो. खोली स्वतंत्र आहे की सामायिक, महिलांचे स्नानगृह वेगळे आहे का, आणि गरम पाणी कोणत्या वेळेत येते, हे आधी विचारा. मी ज्या एका वसतिगृहात होतो तिथे गरम पाणी फक्त संध्याकाळी दीड तास असायचे, आणि घामेजल्या अंगाने थंडीत रांगेत थांबून अनेकांना सर्दी जडली. एकट्या मुलीने राहण्याविषयी माझ्या विद्यार्थिनींचा अनुभव चांगला आहे, तरी शाळेत आधीपासून परदेशी महिला राहत आहेत ना, याची खात्री करून मगच निर्णय घ्या.

वागण्याच्या रीतीविषयी थोडे. ज्यांनी तुम्हाला शिष्य म्हणून स्वीकारले आहे त्यांना ‘शी-फू’ म्हणतात, रोजचा सराव घेणाऱ्याला ‘ज्याओ-ल्येन’ म्हणजे प्रशिक्षक म्हणतात. कोणी स्वतः सुचवेपर्यंत ‘ज्याओ-ल्येन’ हेच संबोधन वापरणे बरे. अभिवादनात उजव्या मुठीवर डावा तळवा ठेवतात, उलट करू नका. रांगेत असताना ‘हे असे का?’ असा प्रश्न विचारू नका. सत्र संपल्यावर विचारा आणि शक्य तर प्रश्न करून दाखवा. तुमचे कराटे तुमच्यापुरते ठेवा. ‘आमच्याकडे असे करतात’ हे वाक्य पहिल्या महिन्यात एकदाही तोंडून निघू देऊ नका, कारण ते ऐकले की प्रशिक्षक दुरुस्त करणे थांबवतो, आणि तुम्ही गेलात ते त्या दुरुस्तीसाठीच. माझा उजवा खांदा कराटेच्या सवयीने वर चढायचा. एका प्रशिक्षकाने तीन आठवडे काही न बोलता, प्रत्येक फेरीत बोटाने त्या खांद्यावर फक्त एकदा टकटक केले. बाविसाव्या दिवशी तो टकटक न करता पुढे गेला, तेव्हा मला कळले की खांदा उतरला आहे.

आपल्याकडून जाणारे बरेच जण बोधिधर्माचा अभिमान घेऊन जातात आणि ‘ही विद्या मूळची आमची’ असे बोलून दाखवतात. हे करू नये, आणि ते इतिहासालाही धरून नाही. बोधिधर्म, ज्याला तिथे दामो म्हणतात, त्याने गुहेत नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून ध्यान केले ही आदराने सांगितली जाणारी कथा आहे. पण त्याने व्यायाम शिकवल्याचा आधार म्हणून दाखवला जाणारा ‘यी-जिन-जिंग’ हा ग्रंथ सतराव्या शतकातला, १६२४ च्या सुमाराचा आहे, हे चिनी संशोधकांनीच दाखवून दिले आहे. विहारातील भिक्षूंच्या लढाईचा भक्कम पुरावा इ. स. ६२१ चा आहे. तेव्हा तेरा भिक्षूंनी पुढे थांग सम्राट झालेल्या ली शिमिनला साहाय्य केले, आणि त्याचा उल्लेख असलेला ७२८ चा शिलालेख आजही विहारात उभा आहे. तो अवश्य पाहा. आपल्या मातीशी असलेले नाते सांगायचेच असेल तर एक खरे आणि जवळचे नाते आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. जुन्या पिढीतील चिनी माणसे त्यांना ‘क दीहुआ’ या नावाने ओळखतात. एका शाळेच्या वृद्ध पहारेकऱ्याला मी भारतातून आलो असे सांगितले, तेव्हा त्याने हेच नाव घेतले आणि माझा थर्मास भरून आणून दिला.

पहिल्या तीन आठवड्यांत कोणतीही मोजणी करू नका. किती संच शिकले, पाय किती वर गेला, इतरांच्या तुलनेत कुठे आहोत, हे सगळे चौथ्या आठवड्यासाठी ठेवा. दहाव्या दिवसाच्या आसपास हमखास एक सकाळ येते, जेव्हा जिना उतरता येत नाही, घर आठवते आणि आपण येथे का आलो हे आठवत नाही. त्या दिवशी रजा मागू नका. रांगेत उभ्या राहा आणि प्रशिक्षकाला सांगून सगळे निम्म्या जोराने करा. सांध्यात टोचणारे, एका जागी बोट ठेवून दाखवता येणारे दुखणे असेल तर मात्र त्याच क्षणी थांबा. स्नायूंचा पसरट ठणका आणि सांध्याची टोचणी यांतला फरक तुम्हाला या चार महिन्यांच्या सरावातच ओळखता आला पाहिजे. रविवारी फिरायला जाण्याआधी दोन तास झोपा.

रोज रात्री वहीत पाच-सहा ओळी लिहा : आज कोणती हालचाल शिकवली, कोणती दुरुस्ती मिळाली, शरीराचा कोणता भाग दुखतो. शेवटच्या महिन्यात नवा संच मागण्याचा मोह सगळ्यांना होतो. मी तो टाळायला सांगेन. तीन महिन्यांत पाच संच वरवर आलेले विद्यार्थी वर्षभरात पाचही विसरतात, दोन संच नीट आलेले ते पुढे वर्षानुवर्षे करत राहतात. निघण्यापूर्वी दहा दिवस प्रशिक्षकाची परवानगी घेऊन त्यांच्याकडून प्रत्येक संच एकदा समोरून आणि एकदा पाठीमागून करवून चित्रित करून घ्या, आणि मग तुमचाही तसाच चित्रित करा. पाठीमागचे चित्रण विसरू नका. नाशिकला परतल्यावर एकटीने सराव करताना दिशांचा घोळ झाला की तेच पाहावे लागते.